लाल पट्टीच्या आत

मामा कुणाचा मामा होता हे त्या संस्थेत कुणालाच ठाऊक नव्हतं. त्याला सख्खी बहीणच नव्हती, तर भाचरं येणार कुठून? पण सव्वीस वर्षांपूर्वी कुण्या विद्यार्थ्याने गरजेपोटी "मामा, माझी नळी जरा आधी लावता का?" अशी हाक मारली, आणि गरजवंताने जोडलेलं नातं जसं चिकटतं तसं ते चिकटलं. कागदोपत्री तो ऑपरेटर होता. तळमजल्याच्या टोकाला जाड काचेच्या दारामागे एक चुंबक उभं होतं, त्याचा ऑपरेटर.

चुंबक म्हणजे शाळेत लोखंडाचा कीस नाचवायचो तो नालेसारखा तुकडा नव्हे. हे म्हणजे तीन पायांवर उभं केलेलं, दोन पुरुष उंचीचं पांढरंशुभ्र पिंप. पोटात तारेचं वेटोळं, वेटोळ्याभोवती द्रवरूप हीलियम, त्याच्याभोवती द्रवरूप नायट्रोजन. माणसाला ऊब टिकवायला पांघरुणं लागतात, याला गारठा टिकवायला. दर शुक्रवारी नायट्रोजन पाजायचा, दोन महिन्यांनी हीलियम. एकदा का उपास घडला की हा बाबा तापणार, आणि एका झटक्यात सगळं हीलियम छताकडे ओकून मोकळा होणार. सव्वीस वर्षांत मामाने त्याला एकही उपास घडू दिला नव्हता. मामाची बायको म्हणायची, मी जेवले का हे यांनी लग्नाला इतकी वर्षं झाली तरी विचारलं नाही, त्या पिंपाला मात्र वेळच्या वेळी.

पिंपाभोवती जमिनीवर एक लाल पट्टी रंगवलेली होती. मामानेच रंगवलेली, आणि दर दोन वर्षांनी तोच ती उजळायचा. पट्टीच्या आत चुंबकाचं राज्य. घड्याळ, किल्ल्या, बँकेचं कार्ड, सगळं बाहेरच्या ट्रेमध्ये. दारावर एक पाटी होती, तिच्यावर काळं हृदय, हृदयात वीज, आणि त्यावर तिरपी काट. हृदयाचे ठोके नीट पडावेत म्हणून ज्यांच्या छातीत यंत्र बसवलंय त्यांनी आत यायचं नाही, असा तिचा अर्थ. मामा येणाऱ्या प्रत्येकाला दारातच विचारायचा, "छातीत मशीन आहे का?" एकदा बाहेरगावचे एक नामांकित प्राध्यापक आले, म्हातारे, याच शास्त्रात केस पांढरे झालेले. मामाने त्यांनाही विचारलं. ते म्हणाले, आहे, दोन वर्षं झाली. मामाने पट्टीच्या बाहेर खुर्ची मांडून दिली. म्हातारा तासभर तिथे बसून लांबून चुंबकाकडे बघत राहिला. मामाला तेव्हा वाईट वाटलं होतं, पण ते आपलं दुसऱ्याच्या घरच्या आजारपणाचं वाटतं तेवढंच.

मामाचं खरं कौशल्य नळी सोडण्यात होतं. नमुना असतो वीतभर लांबीच्या, पेन्सिलीपेक्षा बारीक काचेच्या नळीत. ती एका भोवऱ्यासारख्या टोपणात खोवायची, घोड्यावर चढायचं (घोडा म्हणजे रंगाऱ्यांचा असतो तसला, पण अॅल्युमिनियमचा) आणि पिंपाच्या डोक्यावरच्या भोकात ती नळी सोडायची. आता, भोक सरळ तळापर्यंत. तळाशी प्रोब, म्हणजे चुंबकाचा कान. साऱ्या यंत्रातला सगळ्यात नाजूक अवयव. नळी नुसती सोडली तर दगडासारखी खाली जाऊन प्रोबमध्येच फुटणार. म्हणून आधी बटण दाबायचं. खालून हवेचा झोत येतो, सूंऽऽ असा, आणि नळी त्या हवेवर तरंगते. मग हवा हळूहळू कमी करायची की नळी पिसासारखी खाली जाऊन बसते. हवा चालू असली की बटणापाशी हिरवा दिवा लागतो. नव्या पोरांना शिकवण असते की दिवा बघा. मामा कधी दिव्याकडे बघायचा नाही. तो म्हणायचा, दिवा खोटं बोलेल, हवा बोलणार नाही. मान किंचित तिरकी करून ऐकायचा आणि बोटं उघडायचा.

ही कला त्याने कुणाला दिली नाही. विभागप्रमुख बाईंनी तीनदा माणूस दिला हाताखाली. पहिल्याचं मनगट जड निघालं, दुसऱ्याला घाई, तिसरा शिट्टी वाजवायचा. तिघांनाही मामाने इतकं सुधारलं की ते दुसऱ्या खात्यात निघून गेले.

नळी लावायला येणाऱ्यांत त्याची लाडकी होती सहावी. पीएचडीच्या सहाव्या वर्षाला असलेली मुलगी. तिच्याबरोबरचे सगळे डॉक्टर होऊन पांगले होते. मामाने एकदा गमतीने विचारलं, काय गं, कितवीत? ती म्हणाली, सहावीत, पुन्हा नापास. तेव्हापासून ती सहावी.

तिचं एक प्रोटीन होतं. पुस्तकांतल्या चित्रात प्रोटीन कसं फोटोसाठी श्वास रोखून बसल्यासारखं दिसतं, पण खऱ्या प्रोटीनला पळभर स्वस्थता नसते. सहावीच्या प्रोटीनला एक झाकण होतं, औषध ज्या खोबणीत जाऊन बसायला हवं नेमकं तिच्यावर. शंभरातले अठ्ठ्याण्णव हिस्से वेळ ते बंद. उरलेल्या दोन हिश्शांत, सेकंदाच्या हजाराव्या भागापुरतं, ते किलकिलं होतं आणि मिटतं, असं तिचं म्हणणं. आणि 'असं तिचं म्हणणं' एवढ्यावरच सहा वर्षं गेली होती.

तिने मामाला ते समजावलं होतं. वर्गाचा फोटो आहे समजा, पन्नास पोरं बसलीत. त्यातलं एक मधूनच उठतं, खिडकीतून डोकावतं आणि परत बसतं. फोटोत ते बसलेलंच. मला ते उठलेलं पकडायचंय.

"मग फोटो कशाला, हजेरी घे की," मामा म्हणाला होता.

"तेच तर करतेय, मामा."

आणि ते खरंच होतं. नमुना चुंबकात ठेवला की त्याच्या धाकाने अणूंची केंद्रकं रांगेत उभी राहतात. रेडिओ लहरींची एक चापट मारायची, ती डगमगतात, आणि सावरता सावरता प्रत्येक जण आपापल्या सुरात कण्हतो. जो जागेवर गप्प बसलाय त्याचा सूर स्वच्छ. जो मधेच उठून आलाय त्याचा सूर फाटतो. किती फाटतो यावरून तो कितीदा उठला आणि किती वेळ उभा होता ते मोजता येतं. त्यासाठी एकाच नमुन्याला अकरा दिवस सलग चापट्या माराव्या लागणार होत्या. आणि नमुना बनवायचा म्हणजे जिवाणूंना चुंबकाला ऐकू येईल असा जड नायट्रोजन खाऊ घालायचा, त्यांच्याकडून प्रोटीन करवून घ्यायचं, मग त्यांनाच फोडून ते वेगळं काढायचं. सोळा वेळा ते दुधासारखं फाटलं होतं. सतराव्या वेळी टिकलं. चमचाभरही नाही, पण टिकलं. तिची मुदत दोनदा वाढवून झाली होती, तिसऱ्यांदा वाढत नाही असा नियम होता, आणि वर्ष संपायला सव्वा महिना उरला होता.

इकडे मामाला चक्कर येऊ लागली होती.

पहिल्यांदा आली ती हीलियम भरताना. त्याने ती उन्हाच्या नावावर टाकली. दुसऱ्यांदा चष्म्याच्या. तिसऱ्यांदा कुणाच्या नावावर टाकावी सुचेना, तेव्हा तो डॉक्टरकडे गेला. डॉक्टरने छातीला चोवीस तास ठोके नोंदवणारं यंत्र बांधून दिलं. ते घेऊन चुंबकाजवळ जाता येईना म्हणून मामाने सव्वीस वर्षांत पहिल्यांदा, मेव्हण्याकडे काम आहे असं सांगून, रजा घेतली आणि दिवसभर बागेत बाकावर बसून राहिला. अहवाल आला. ठोके मिनिटाला छत्तीस, मधेच चार-चार सेकंद काहीच नाही. डॉक्टर म्हणाला, तुमच्या हृदयाच्या वरच्या मजल्यावरून निरोप निघतो, पण खाली पोचत नाही. यंत्र बसवावं लागेल. पाऊण तासाचं काम, दुसऱ्या दिवशी घरी.

मामाने विचारलं, "मग चुंबकाजवळ गेलं तर चालतं?"

"चुंबकाजवळ कशाला जायचंय तुम्हाला?"

"तिथेच आहे मी कामाला."

डॉक्टरने पेन खाली ठेवलं. म्हणाला, हल्लीची नवी यंत्रं तपासणीपुरती चुंबकात चालतात, वीस मिनिटं, डॉक्टर शेजारी उभा असताना. तुम्ही रोज त्याला छाती लावून उभे राहणार. नाही चालणार. मामाने विचारलं, आणि यंत्र नाही बसवलं तर? डॉक्टरने चार-चार सेकंदांच्या त्या कोऱ्या जागांवर बोट ठेवलं आणि म्हणाला, यातली एखादी कधीतरी संपणार नाही.

मामा तो कागद घडी करून खिशात घालून घरी आला आणि बायकोला म्हणाला, गोळ्यांवर भागेल.

तीन आठवडे भागलं. मामा वाळत चालला होता, पँटी कमरेत ढिल्या झाल्या होत्या. बायको कपड्यांच्या दुकानात मापाच्या दुरुस्त्या करायची, उसवणं, आत घेणं. तिने एका रविवारी नवऱ्याच्याच पँटी घेतल्या मशीनवर, आणि तिसऱ्या पँटीच्या खिशात तो कागद निघाला. तिला सगळं वाचता आलं नाही, पण 'तातडीने' एवढं वाचता आलं. ती ओरडली नाही. कागद टेबलावर ठेवून तिने त्यावर कात्री ठेवली, उडू नये म्हणून, आणि विचारलं,

"अहो, मला एवढंच सांगा, तुम्ही माझ्यासाठी जगणार की त्या पिंपासाठी मरणार?"

मामाने खूप काही सांगितलं. बाहेर बसवतील, फायलींवर बसवतील, सव्वीस वर्षं ज्याच्या खोलीत श्वास घेतला त्या खोलीच्या काचेला नाक लावून उभं राहावं लागेल. बायको म्हणाली, लावा नाक. नाक असेल तर लावाल. मग त्याने शेवटचं हत्यार काढलं. एका पोरीचं काम आहे, सहा वर्षांचं, आता फक्त अकरा दिवसांचं उरलंय. नळी माझ्याशिवाय कुणी सोडू शकत नाही. ते झालं की बाराव्या दिवशी मी स्वतः जाऊन झोपतो टेबलावर.

बायकोने त्याच्याकडे बघितलं. दुकानात गिऱ्हाईक म्हणतं ना, शिवणीत थोडं कापड असेल, सोडा की. शिवणीत कापड नसलं की जशी ती बघायची, तशी. मग म्हणाली, अकरा. बारावा नाही.

सोमवारी सकाळी सहावी आपली नळी घेऊन आली. हातात बर्फाचा डबा, डब्यात नळी, आणि चेहरा असा की लेकराला पहिल्यांदा शाळेत सोडायला आलीय. तिने रात्रभर झोप काढली नव्हती हे मामाला दिसलं. तिला काय दिसलं ठाऊक नाही, कारण मामा त्या दिवशी मुद्दाम जोरात बोलत होता. यंत्राला द्यायच्या आकड्यांचा कागद ती वर विसरली होती. मामा म्हणाला, जा घेऊन ये, तोवर मी लावतो.

आधी त्याने तपासणीची नेहमीची नळी बाहेर काढली. हवा चालू, नळी वर आली, काढून ठेवली, हवा बंद. हवा वाया घालवायची नाही ही त्याची शिस्त. मग सहावीची नळी भोवऱ्यात खोवली, उंची मापली, पुसली, आणि तो घोड्यावर चढला. तिसऱ्या पायरीवर त्याने पिंपाला खांदा टेकला आणि थांबला. डोळ्यांपुढे बारीक बारीक चकत्या फिरल्या. मग त्या गेल्या, आणि त्याला बरं वाटलं. हात भोकावर नेला. मान तिरकी केली. सूंऽऽ. झोत आहे. त्याने बोटं उघडली.

खाली कुठेतरी चमच्याने काचेला हलकेच टिचकी मारावी तेवढा आवाज झाला.

आणि सूंऽऽ चालूच होतं. मामाने भोकावर तळहात धरला. तळव्याला काही लागेना. हवा नव्हतीच. आवाज त्याच्या कानात होता. तो उतरला, बटणाकडे बघितलं. दिवा विझलेला.

सव्वीस वर्षांत त्याने दिव्याकडे बघितलं नव्हतं. आता बघितलं, आणि जिन्यावर सहावीच्या चपला वाजल्या. विचार असा त्याने केलाच नाही. बोट पुढे गेलं आणि बटण दाबलं. हिरवा दिवा लागला. खोलीत हवेचा आवाज भरला, कानातल्या आवाजासारखाच, अगदी हुबेहूब. सहावी कागद हलवत दारात आली आणि मामाचा चेहरा बघून तिथेच उभी राहिली.

"फुटली," मामा म्हणाला. "हवा होती. तरी गेली."

सहावी रडली नाही. तिने विचारलं, सगळी? जसं काही अर्धीही फुटू शकते. मग ती जमिनीवर बसली, लाल पट्टीवरच, आणि बर्फाच्या डब्याचं झाकण लावत राहिली. ते नीट बसत नव्हतं.

प्रोब बाहेर काढला. आत काच आणि सहा वर्षं. दुरुस्तीला कारखान्यात पाठवायचा, चार-पाच महिने. बाई खाली आल्या, त्यांनी सगळं ऐकून घेतलं, आणि कुणाच्याही मनात दुसरं काही आलं नाही, कारण मामाच्या हातून नळी पडते हे वाक्यच कुणाला उच्चारता येत नव्हतं. मग उरली हवा. हवा गच्चीवरच्या कॉम्प्रेसरमधून यायची आणि कॉम्प्रेसर बघायचा हवावाला. हा कंत्राटी माणूस, दोन वर्षांपूर्वी लागलेला, सारखा तेलाने काळा, स्वतःच्याच विनोदावर हसणारा. मधेच क्षणभर दाब पडला असणार, असं ठरलं. बाईंनी कंत्राटदाराला पत्र लिहायला घेतलं की माणूस बदला.

बुधवारी हवावाला मामाकडे आला. पट्टीच्या बाहेर उभा राहिला, खिशात लोखंडी पाने होते म्हणून. त्याच्या हातात वही होती. म्हणाला, मामा, दर तासाला दाब लिहितो मी. सोमवारी काटा हललेला नाही. पण वही माझी, अक्षर माझं, कोण मानणार. तुमच्या कानाला मात्र सगळी संस्था मानते.

"तुम्ही ऐकली ना हवा?"

"ऐकली," मामा म्हणाला.

आणि गंमत बघा, यात खोटा शब्द एकही नव्हता. हवावाला म्हणाला, बस, एवढंच बाईंना सांगा, म्हणजे माझं काम होईल. तो गेला, पायऱ्यांवरून काहीतरी गुणगुणत. मामाला कळलं की हवावाल्याला वाटतंय आपण सुटलो. आणि आपण हे बाईंना सांगितलं तर बाई म्हणणार, ऐकली, म्हणजे आधी होती, मग नेमकी सोडताना पडली. हवा होती म्हणणाराच हवावाल्याला घरी बसवणार.

रात्री बायकोने विचारलं, पहिला दिवस कसा गेला ते सांगितलंच नाहीत, आज तिसरा. मामाने तिला सगळं सांगितलं, बटणासकट. तिने शिवणाची सुई गादीत टोचून ठेवली आणि फक्त म्हणाली की त्या माणसालाही बायको असेल, तिच्याही हाती उद्या एखादा कागद लागेल.

सकाळी मामा बाईंकडे निघाला. ऑफिस दुसऱ्या मजल्यावर. पहिल्या दहा पायऱ्या झाल्या आणि कठडा धरावा लागला. खालून येणारी पोरं "काय मामा, आज वर?" म्हणत दोन दोन पायऱ्या ओलांडून गेली. मामा म्हणाला, हवा खायला. वळणावर तो बसला. उठला. पुढच्या वळणावर पुन्हा बसला. त्याला वाटलं, सांगायच्या आधीच मेलो तर बरं, लोक म्हणतील सहावीच्या नळीचा धक्का बसला बिचाऱ्याला, आणि चुंबकाच्या खोलीत फोटो लावतील. मग त्याला हवावाल्याची वही आठवली, दर तासाला लिहिलेली, तेलकट बोटांनी, आणि तो उठला.

बाईंसमोर त्याने उभ्यानेच सांगितलं. कान, दिवा, बटण. बाई ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, छातीचं कधीपासून? मामाने सांगितलं. बाईंनी सहावीला बोलावून घेतलं आणि म्हणाल्या, हिलाही सांगा, माझ्यासमोर. दुसऱ्यांदा सांगणं पहिल्यापेक्षा सोपं जाईल असं मामाला वाटलं होतं. तसं काही नसतं.

सहावीने सगळं ऐकून विचारलं, "बटण तुम्ही नंतर दाबलंत?"

"हो."

"मी जिन्यावर होते तेव्हा?"

"हो. पोरी, मी तुझ्या कामासाठीच थांबलो होतो. नाहीतर कधीच—"

"माझ्यासाठी थांबलो असं म्हणू नका, मामा." तिचा आवाज चढला नव्हता. "मला सांगितलं असतंत की कानात आवाज येतोय, तर मी सोडली असती नळी. दिवा बघून. तुम्ही थांबलात ते तुमच्यासाठी."

ती गेली. दारही तिने नीट लावलं.

बाईंनी कंत्राटदाराचं पत्र फाडलं. मग म्हणाल्या, आजपासून पट्टी ओलांडायची नाही. ऑपरेशन झालेलं असो वा नसो. मामा म्हणाला, बाई, प्रोब नसला तरी चुंबक जिवंत आहे, उद्या शुक्रवार, नायट्रोजन कोण घालणार? निदान एक महिना द्या, कुणालाही द्या हाताखाली, शिट्टी वाजवणारा द्या, मी शिकवतो. आणि मग त्याने जे कधी केलं नव्हतं ते केलं, हात जोडले.

"सव्वीस वर्षं होती की शिकवायला," बाई म्हणाल्या. रागाने नाही, दमून. आणि त्यांनी स्वतःच्या गाडीतून त्याला दवाखान्यात पोचवलं.

पाऊण तासाचं काम होतं, पन्नास मिनिटं लागली. डाव्या खांद्याखाली काड्यापेटीएवढा उंचवटा आला. ठोके आता मिनिटाला साठाच्या खाली येत नाहीत. बायको पहिल्या रात्री कान लावून ऐकत बसली, म्हणाली, आता तरी वेळेवर येतंय. मामा हसला नाही. मामा पुढे दहा-बारा दिवस कशालाच हसला नाही. बायकोने भरवलं तर खाल्लं, उठवलं तर उठला. खिडकीशी बसायचा आणि शुक्रवार आला की अकरा ते एक नुसता भिंतीकडे तोंड करून पडून राहायचा. त्या वेळेत कुणीतरी परका माणूस हातात जाड मोजे घालून नळी जोडत असेल, आणि जोडाला बर्फ धरला की पाना कुठून मारायचा हे त्याला ठाऊक नसेल. बायको म्हणाली, मेला असतात तरी शुक्रवार आला असताच. तो म्हणाला, तेव्हा मला कळला नसता.

मग तो कामावर गेला. आवक-जावकच्या खिडकीवर बसवलं होतं त्याला. येणाऱ्या कागदावर आवकचा शिक्का, जाणाऱ्यावर जावकचा. खोली तळमजल्यावरच, पण दुसऱ्या टोकाला. पहिल्या आठवड्यात त्याने दोन शिक्क्यांची अदलाबदल केली आणि संस्थेत आलेली सगळी पत्रं कागदोपत्री बाहेर गेली. कुणी रागावलं नाही. हेच त्याला जास्त लागलं. हवावाला येता-जाता खिडकीत डोकावून विचारायचा, मामा, दाब कसा आहे? मामा म्हणायचा, लिहून ठेव तुझ्या वहीत.

एका मंगळवारी खिडकीतून एक अर्ज आत सरकला. मुदतवाढीचा, तिसरी वेळ, नियमाला अपवाद म्हणून, बाईंच्या शिफारशीसह. मामाने वर बघितलं. सहावी उभी होती. तिने केस कापले होते.

तो अर्ज वाचू लागला. शिक्का मारणाऱ्याने वाचायचं नसतं, पण वाचला. कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं, उपकरणाचा अपघात. मामा म्हणाला, असं लिहू नकोस, समिती म्हणेल यंत्रं बिघडतच असतात. माणसाची चूक असली तर देतात. माझं नाव घाल.

"घातलंय. दुसऱ्या पानावर."

मामाने पान उलटलं. होतं. नाव, हुद्दा, कानातला आवाज, बटण, वेळ. काही गाळलेलं नव्हतं आणि काही वाढवलेलंही नव्हतं. तिच्या प्रोटीनबद्दल ती जसं लिहायची तसंच लिहिलं होतं. मामाने ते दोनदा वाचलं, आणि त्यावर आवकचा शिक्का मारला. योग्य तोच मारला, तारीख बघून.

मग विचारलं, नमुना पुन्हा करणार? ती म्हणाली, करतेय. अठरावा फाटला, एकोणिसावा लावलाय. प्रोब येईपर्यंत होईल कदाचित. समितीने हो म्हटलं तर. मामा म्हणाला, नवा माणूस कसा आहे? हात थरथरतो, ती म्हणाली. नळी मीच सोडणार.

मामाच्या तोंडून शब्द घाईने निघाले. "मग मी शिकवतो. आत यायची गरजच नाही. इथेच, या टेबलावर. पुठ्ठ्याची नळकांडी घेऊ, वजन कसं धरायचं, मनगट कुठे टेकायचं, सगळं दाखवतो. उद्या ये. किंवा आत्ता, मला काम नाहीये काही."

ती खिडकीच्या चौकटीकडे बघत होती.

"उद्या नको, मामा. मला अजून तुमच्याकडे बघवत नाही." मग ती म्हणाली, "शिकायचंय मला. तुमच्याकडूनच. राग गेला की येते."

"बरं," मामा म्हणाला.

किती दिवस लागतील, असं विचारायला त्याने तोंड उघडलं होतं. पण मागे आणखी दोघे कागद घेऊन उभे होते. त्याने अर्जाची पोच फाडली, पाठीमागे सही केली आणि तिच्या हातात दिली.